फोटो भारी आलाय, पण पान कुठंय?

आजचा भाग छोट्या गोष्टींवर आहे. छोट्या म्हणजे अगदी नखाएवढ्या. क्लोज-अप फोटोग्राफी, ज्याला आपण सरसकट मॅक्रो म्हणतो, ती शिकताना लोकांचं ऐकायचं कसं, यावर आज बोलूया. लोक म्हणजे ज्यांना आपण फोटो पाठवतो आणि विचारतो, "कसा आलाय?"

माझं म्हणाल तर सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोड आणि शनिवार-रविवार जुन्नरला घरी. गेले दोन पावसाळे मोबाईलवर मॅक्रो शिकतोय. मोठा कॅमेरा नाही, फक्त फोन. आणि आपल्याकडं विषयांना काय तोटा? पावसाळा सरत आला की नाणेघाटाच्या पठारावर सोनकी फुलते, दुर्गवाडीकडं तेरडा असतो, आंबेगावात आहुप्याच्या बाजूला गेलात तर प्रत्येक दगडावर काहीतरी उगवलेलं असतं. काढा तेवढे फोटो कमीच.

अडचण पुढं येते. फोटो ग्रुपवर टाकला की काय येतं? "भारी." "लय भारी." "कडक." दोन आगीचे इमोजी. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या शनिवारी फोन हातात घेतल्यावर त्या "भारी"चं करायचं काय? आमच्याकडं कोड रिव्ह्यूमध्ये एक प्रकार असतो, एलजीटीएम. लुक्स गुड टू मी. दोनशे ओळींचा कोड पाठवला आणि अर्ध्या मिनिटात एलजीटीएम आलं, तर समजायचं की समोरच्यानं वाचलेलाच नाही. "भारी" हे फोटोतलं एलजीटीएम आहे.

त्याच्या उलट टोकाला असतं "ब्लर आहे." हे खरं असतं, पण तेवढ्यानं भागत नाही. कारण ब्लर तीन तऱ्हेचा असतो आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. फोटो झूम करून बघा. किडा धूसर, पण त्याच्या मागचं पान किंवा पुढचं गवत स्वच्छ दिसतंय? मग फोकस दुसरीकडं बसलाय. देठ, दगड सगळं ठीक, फक्त फूल एका दिशेला ओढल्यासारखं? मग वारा आहे. अख्खा फोटो, मागच्या दगडासकट, फरफटल्यासारखा? मग आपला हात हललाय. फोकसचा प्रश्न असेल तर फोकस लॉक करायचा आणि फोन सूतभर पुढं-मागं करत चार-सहा फोटो काढायचे. वारा असेल तर वाऱ्याच्या बाजूला छत्री उघडून ठेवायची. नाणेघाटात तर छत्री हीच निम्मी फोटोग्राफी! हात हलत असेल तर कोपर जमिनीला टेकवायचं. म्हणजे "ब्लर आहे" म्हणणाऱ्याला एकच उलटा प्रश्न विचारा, "कुठला भाग धूसर आहे आणि कुठला नाही?" त्यानं उत्तर दिलं की तुमचं काम सोपं झालं.

एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवा. जितकं जवळ जाल तितकी शार्प दिसणारी पट्टी बारीक होते. अगदी जवळून काढताना ती काही मिलिमीटरच उरते. मुंगीपासून फुलपाखरापर्यंत सगळं एकाच फोटोत नखशिखांत स्वच्छ यायची अपेक्षा धरू नका. काय स्वच्छ पाहिजे ते निवडावं लागतं. आणि आजचा खरा मुद्दा इथंच आहे. काय निवडायचं, हे कोण ठरवणार?

एक उदाहरण सांगतो. सोनकीच्या फुलावर बसलेला एक किडा. अंगावर पिवळे-काळे पट्टे, मागं सगळं हिरवं विरघळलेलं. हा एकच फोटो मी तीन जणांना पाठवला होता.

पहिला, फोटोग्राफीचं वेड असलेला ऑफिसातला मित्र. तो म्हणाला, "बॅकग्राउंड एकदम क्लीन आहे. फक्त खालचं ते पान क्रॉप कर, लक्ष जातंय तिकडं."

दुसरी, वनस्पतीशास्त्र शिकलेली मैत्रीण. ती म्हणाली, "पान अजून दाखवायला हवं होतंस. आणि किडा समोरून काढलायस का? मिशा दिसत नाहीयेत." कारण काय, तर पट्टे बघून लोक सरळ मधमाशी म्हणतात. पण फुलांवर फिरणारी, मधमाशीचं सोंग घेतलेली एक माशीही असते. मधमाशीला पंख चार, माशीला दोन. पण मधमाशीचे पुढचे-मागचे पंख एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळं फोटोत मोजता येतीलच असं नाही. मिशा बघाव्या लागतात. मधमाशीच्या लांब, कोपरात वाकल्यासारख्या. त्या माशीच्या आखूड, आणि डोळे एवढे मोठे की डोकं म्हणजे नुसते डोळेच. ही माशी चावत नाही, डंख मारत नाही. नुसते पट्टे दाखवून पोट भरते बिचारी.

तिसरी आमची आजी. तिनं फोन लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, "पण हे खऱ्यात केवढं असतं रे?"

आता बघा. एक म्हणतो पान काप, दुसरी म्हणते पान दाखव, आणि आजीला फोटोत मापच सापडत नाही. चूक कोणाची? कोणाचीच नाही. मित्राला भिंतीवर लावायचं चित्र दिसतंय, मैत्रिणीला नाव शोधायचंय, आजीला ती वस्तू आपल्या बांधावर ओळखायचीय. तिघांची कामं वेगळी आहेत. तिघांचं ऐकून एकच फोटो काढायला गेलात तर काहीच नीट येणार नाही. म्हणून एका फुलाचे तीन फोटो काढायचे. एक देखणा. एक ओळखीसाठी, ज्यात पान, देठ, फुलाची मागची बाजू येते. आणि एक मापासाठी, शेजारी कंपासपेटीतली पट्टी धरून. पाणथळ कातळावर सीतेची आसवं फुलतात ना, जांभळी, इवलीशी, ती स्क्रीनभर दिसली की माणसाला वाटतं केवढं मोठं फूल असेल! पट्टी शेजारी ठेवली की कळतं, अख्खं फूल करंगळीच्या नखावर मावेल.

तुम्ही म्हणाल, हौसेच्या फोटोला कशाला एवढं? मग हे ऐका. आपला पट्टा टोमॅटोचा. नारायणगावचा बाजार सगळ्यांना माहितीय. आता टोमॅटोच्या पानावर पांढऱ्या रेषा उमटल्यात. पान उजेडासमोर धरून काढलं तर काय सुंदर दिसतं! हिरव्या काचेवर नक्षी काढल्यासारखं. ग्रुपवर टाका, शंभर टक्के "भारी" येणार. पण ज्याचा प्लॉट आहे त्या काकांचा प्रश्न वेगळा असतो, "ही साधी नागअळी आहे का टुटा?"

साधी नागअळी म्हणजे एका बारीक माशीची अळी. ती पानाच्या आत अरुंद, वेडीवाकडी रेघ ओढत जाते. टुटा म्हणजे टुटा अब्सोल्युटा, हा पतंग. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, भारतात २०१४ मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला आणि तोही महाराष्ट्रातच. त्याची अळी पान आतून पसरट पोखरते, रेघेऐवजी फोडासारखा चट्टा दिसतो, आत काळी विष्ठा असते. आणि ती पानावर थांबत नाही, फळातही शिरते. एक माशी, एक पतंग. दोघांचं औषध एकच असेल असं धरून चालत नाही. टुटासाठी कामगंध सापळे लावतात, नागअळीच्या माशीला त्यांचा उपयोग नाही.

आजकाल शेतकरी काय करतात? पानाचा फोटो काढतात आणि कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला नाहीतर नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात पाठवतात. फोटो धूसर असेल, नुसता एक कोपरा आला असेल, तर समोरचा अंदाजानं सांगणार. चुकीची फवारणी म्हणजे औषधाचे पैसे गेले, मजुरी गेली, आठवडा गेला आणि कीड तिथंच. तेव्हा घरातल्या ज्या पोराला मॅक्रो जमतं, त्यानं चार फोटो नीट काढावेत. अख्खं झाड. पान वरून. पान खालून, कारण बऱ्याच किडी खालीच लपतात. आणि उजेडासमोर धरून, म्हणजे आतली अळी दिसते. फोनची सावली पानावर पडत असेल तर थोडं मागं सरका आणि दुप्पट झूम करा. एवढंच. या फोटोला कोणी "कडक" म्हणणार नाही. पण त्याच्यावर पैसे लागलेले असतात.

आता विचारायचं कसं? नुसतं "कसा आलाय?" विचारलं की "भारी"च येणार. तीन ओळी लिहा. हे काय आहे, फोटो कशासाठी काढलाय, आणि कुठं अडलंय. उदाहरणार्थ, "सोनकीवरची माशी, ओळख पटवायचीय, मिशा पुरेशा दिसतात का?" बघा, उत्तर आपोआप नेमकं येतं. तुम्हाला कोणी फोटो पाठवला तर तुम्हीही तेच करा. एक नेमकी गोष्ट सांगा. दहा सांगितल्या तर नवीन पोरगं फोन खिशात घालून घरी जाईल.

आणि काही सल्ले ऐकायचेच नाहीत, कितीही मोठ्या माणसानं दिले तरी. "किडा जरा फ्रिजमध्ये ठेव, मग हलत नाही." "फूल तोडून आण, घरी काळ्या कापडावर ठेवून काढ." नाही. किडा स्थिर पाहिजे ना? पहाटे लवकर जा. रात्रीच्या गारव्यानं तो स्वतःच सुस्तावलेला असतो, अंगावर दव असतं, फोटोही जास्त चांगला येतो. फुलाचं म्हणाल तर आपल्या कंदीलपुष्पांचं बघा. त्यांच्यातल्या बऱ्याच जाती फक्त पश्चिम घाटात आहेत. फुलाची नळी आतून केसाळ असते, बारीक माशी आत शिरते आणि अडकते. केस सुकले की ती परागकण घेऊन सुटते आणि दुसऱ्या फुलाकडं जाते. ते फूल तुम्ही तोडलं तर तिथली शेंगही गेली आणि बीही गेलं. डोंगरावर अशी झाडं मोजकीच असतात. त्यामुळं त्यांचं नेमकं लोकेशनही टाकू नका. तालुका सांगितला तरी पुरे. आणि भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे, तिथं तर तोडातोडीचा विचारही नको.

तर या आठवड्यात एवढंच करा. घराजवळचं एकच झाड निवडा. कढीपत्ता चालेल, बांधावरचा घाणेरीचा ताटवाही चालेल. त्याचे तीन फोटो काढा आणि तीन वेगळ्या माणसांना पाठवा. एक फोटो काढणारा, एक झाडं ओळखणारा आणि एक घरातलं वयस्कर माणूस. तिघांना प्रश्न मात्र वेगवेगळा विचारा. काय उत्तरं आली ते मला नक्की कळवा, पुढच्या भागात त्यातली काही वाचून दाखवेन.

आणि मला फोटो पाठवणार असाल तर त्या तीन ओळींसकट पाठवा. नाहीतर मीपण "भारी" एवढंच लिहीन, सांगून ठेवतो! चला, भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि घाटात दगडावर पाय जपून ठेवा, शेवाळ आहे.