पथ्य एकट्याचे नको, घराचे हवे



घरातील कर्त्या पुरुषाला हृदयविकाराचा झटका येतो. वेळेवर उपचार मिळतात, प्राण वाचतात आणि काही दिवसांनी तो घरी परततो. त्या दिवसापासून स्वयंपाकघरात दोन प्रकारचा स्वयंपाक सुरू होतो. त्याच्यासाठी अळणी भाजी, साधे वरण आणि कोरडा फुलका. इतरांसाठी पूर्वीचाच तवंगाचा रस्सा, तळलेले पापड आणि डब्यातील फरसाण. महिनाभर हे नेमाने चालते. मग कुणाच्या वाढदिवसाला एक वडा, सणाला दोन पुरणपोळ्या असे होत होत वेगळे पातेले बंद पडते. दोष त्याच्या मनोनिग्रहाला दिला जातो. वस्तुतः शेजारच्या चार ताटांत वेगळे अन्न वाढलेले असताना पाचव्या ताटाचे पथ्य टिकणे कठीणच असते. पथ्य मोडते, कारण ते एकट्याचे असते.

यापेक्षाही गंभीर गोष्ट अशी की, ज्या आहाराने त्याला रुग्णालयात नेले, तोच आहार त्याच घरात त्याच्या मुलांना वाढला जात असतो. वडिलांना हृदयविकार असेल, तर मुलांनाही त्याचा धोका अधिक असतो. म्हणजे ज्यांना पथ्याची सर्वाधिक गरज, त्यांनाच ते नाकारले जाते.

भारतीयांच्या बाबतीत हा धोका डोळ्यांना सहज दिसत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक बोलके उदाहरण मांडले. ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. काट्यावर दोघे समान. आतून मात्र भिन्न. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही चरबी दडलेली असते आणि ती पोटाभोवती साठली की मधुमेह व हृदयविकार यांना वाट करून देते. म्हणूनच वजनकाट्याबरोबर शिंप्याची फीतही घरात हवी. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असा भारतीयांसाठीचा निकष आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये देशातील २०.६ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा अधिक वजनाच्या होत्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २४ टक्क्यांवर गेले. पुरुषांमध्ये ते १८.९ वरून २२.९ टक्के झाले. वाढलेले वजन हा केवळ सुखवस्तू शहरी मंडळींचा प्रश्न आता राहिलेला नाही.

मग आरंभ कोठून करावा? उत्तर कोणत्याही महागड्या आहारतक्त्यात शोधण्याची आवश्यकता नाही. ते महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत आहे.

पहिला जिन्नस तेल. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम आणि स्त्रीला २० ग्रॅम तेल-तूप पुरेसे आहे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रमाण सांगते. दोन पुरुष व दोन स्त्रिया अशा चौघांच्या घराला महिन्याला २ किलो ७०० ग्रॅम पुरतात. ज्या घरी पाच लिटरचा डबा महिनाअखेर रिकामा होतो, तेथे सुमारे दीडपट ते दुप्पट तेल पोटात जात आहे. एक ग्रॅम पिष्टातून चार उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून नऊ. तूपही याच हिशेबात धरावे. वरणभातावरचे चमचाभर तूप निषिद्ध नाही, पण ते तेलाखेरीज वेगळे नाही. डब्यावरील ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दाने भुलून जाऊ नये. कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवणे मात्र कटाक्षाने टाळावे.

दुसरा जिन्नस मीठ. प्रौढ व्यक्तीला दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेला एक चहाचा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे. लोणचे, पापड, वेफर्स, पाव यांतील मीठही त्यातच आले. या हिशेबाने किलोची पिशवी चौघांना दीड महिन्याहून अधिक पुरावयास हवी. सैंधव वापरल्याने सुटका होत नाही; तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. अति मिठाने रक्तदाब वाढतो आणि वाढलेला रक्तदाब हृदयावर निमूटपणे भार टाकत राहतो.

तिसरी साखर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमपर्यंत ठेवण्यास सांगितले आहे. दोन-दोन चमचे साखरेचे चार कप चहा घेतले की ही मर्यादा तेथेच ओलांडली जाते. बिस्किटे व मिठाई अद्याप यायचीच असतात. गूळ घेतला म्हणून हिशेब बदलत नाही.

यादीतील हे तीन जिन्नस घटावेत, तसे काही वाढावेतही. त्याच मार्गदर्शिकेनुसार माणशी दररोज ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे हवीत. चौघांच्या घरी ही भाजी दीड किलोच्या वर जाते. पावकिलो भाजीत चौघांचे जेवण उरकणाऱ्या घरांनी याचा विचार करावा. मेथी, चाकवत, तांदुळजा, अंबाडी, शेपू, काकडीची कोशिंबीर, मोड आलेल्या मटकीची उसळ, ताक हे महाराष्ट्राच्या घराघरांतील अन्न आहे आणि हृदयाला मानवणारेही आहे. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत तंतू भरपूर असतात आणि ती भाजण्यास तेल लागत नाही. जवसाच्या चटणीतून ओमेगा-३ वर्गातील उपयुक्त स्निग्धांश मिळतात. अर्थात भाकरीही मोजूनच खावी. पौष्टिक अन्न अमर्याद खाल्ले तरी वजन वाढतेच.

उपवासाचेही पुनरावलोकन व्हावे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच रूढ झालेली नाही. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ. त्यात तूप, बटाटा आणि दाण्याचे कूट पडले की उपवासाची बशी नेहमीच्या जेवणावर मात करते. फळे, ताक, राजगिरा आणि एक वेळचा खराखुरा लंघनाचा संकल्प व्रताच्या मूळ हेतूशी अधिक सुसंगत ठरेल.

शेवटी, ज्या व्यक्तीचा विचार सर्वांत उशिरा होतो, ती म्हणजे घरची गृहिणी. सर्वांचे झाल्यावर ती जेवते आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून उरलेले स्वतःच्या ताटात घेते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्येही हृदयविकाराचा धोका वाढतो. परंतु छातीत जड वाटणे, धाप लागणे, असाधारण थकवा या तक्रारी ती पित्तावर ढकलते. घराचे पथ्य झाले, की तिचेही पथ्य आपोआप होते. त्यासाठी सर्वांनी एकत्र बसून जेवावे आणि उरणार नाही इतकेच शिजवावे.

हे सारे औषधांना पर्याय नाही. चालू असलेली औषधे वैद्यकीय सल्ल्यावाचून बंद करू नयेत. परंतु औषध एकालाच मिळते. बदललेल्या स्वयंपाकाचा लाभ चौघांना मिळतो. पुढील महिन्याची यादी लिहावयास बसताना घरातील सर्वांनी, मुलांनीसुद्धा, सोबत बसावे. तेलाच्या आकड्यापुढे पाचऐवजी तीन लिहिण्याचा निर्णय एकमताने झाला, तर पथ्य घराचे झाले असे समजावे.