लिंबोणीवरची अळी
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



मला पाच मिनिटं मिळाली आहेत. ती मी एका फुलपाखरावर घालवणार आहे, हसू नका.

२०१५ साली महाराष्ट्राने राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉरमॉन, हे राज्य फुलपाखरू ठरवलं. असं करणारं आपलं पहिलं राज्य. हिला नीलवंतही म्हणतात. पंख उघडले की तळहाताएवढी, मखमली काळी, मागच्या पंखांवर फिकट निळा रंग आणि त्यात काळे ठिपके. तिचं खरं घर सह्याद्रीचं ओलं जंगल. चाकणहून राजगुरुनगरमार्गे भीमाशंकरला गेलात की ओल्या मातीवर बसून क्षार शोषणारे नर दिसतील.

मादी मात्र अंडी कुठेही घालत नाही. माकडलिंबू, पपनस, लिंबोणी अशा लिंबाच्या जातीच्या झाडांवरच, एकेक करून. कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला टाळतात. मोठी झाली की पानासारखी हिरवी. डिवचली तर डोक्यामागून मऊ शिंगं काढून उग्र वास सोडते. पक्ष्यांपासून वाचायची एवढी सोय आहे, पंपापासून नाही.

तो पंप मीच चालवायला लावायचो. चाकणच्या कारखान्यात शेवटची काही वर्षं बाग माझ्याकडे होती. कुंपणालगत लिंबोणीची रांग. पाहुणे यायचे असले की कुरतडलेलं पान दिसता कामा नये, म्हणून फवारणीच्या कागदावर मी सही करायचो.

निवृत्तीनंतर गॅलरीतल्या कुंडीत नातीला तशीच अळी सापडली. "आजोबा, औषध नाही मारायचं," तिने आधीच बजावलं. बरणीत ठेवून रोज ताजी पानं घातली. कोष झाला, आणि एका सकाळी त्यातून राणी पाकोळी निघाली. कारखान्यातल्या साऱ्या अळ्या हिच्याच नसणार, लिंबोणीवर इतर फुलपाखरंही वाढतात. पण मी कधी वाकून बघितलंच नव्हतं.

आता मुद्द्याचं. आपल्या बॅचच्या निधीतून मैदानाच्या कडेने शोभेचे पाम लावायचं घाटतंय. या अळीला पाम चालत नाही. निम्मे पैसे लिंबोणीला आणि दोन पपनसांना द्या. खड्डे मी खणून घेतो. पाण्याच्या पाळ्या सहावीच्या मुलांना विचारून ठरवू. फवारणीवाल्याला मात्र फाटकातून आत घेऊ नका.