गच्चीची कड



गावात शाळेची किंवा ग्रामपंचायतीची नवी इमारत उभी राहिली, तिची रंगरंगोटी झाली, उद्‌घाटनाची फीत कापली गेली, की गावाला आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु इमारतीची खरी परीक्षा त्यानंतरचा उन्हाळा आणि त्यापाठोपाठ येणारा पावसाळा घेत असतो. एप्रिलच्या दुपारी ज्या वर्गात बसवत नाही, त्याच वर्गाच्या भिंतीवरून जुलैमध्ये ओघळ उतरतात, हा अनुभव पुष्कळ गावांच्या परिचयाचा आहे. या दोन तक्रारी वेगवेगळ्या समजल्या जातात. उन्हावर उपाय म्हणून पंखे मागितले जातात. गळतीवर उपाय म्हणून गच्चीवर सिमेंटचा आणखी एक हात फिरविला जातो. वास्तविक या दोन्ही दुखण्यांचे मूळ अनेकदा एकाच जागी असते. ती जागा म्हणजे सपाट छताची कड.

सपाट छत महाराष्ट्राला नवे नाही. मराठवाडा व सोलापूर भागातील माळवदे आणि खानदेश-वऱ्हाडातील धाब्याची घरे ही आपल्या पूर्वजांनी कोरड्या, उष्ण हवामानाला दिलेली उत्तरेच होती. लाकडी तुळया, त्यांवर किलचण, त्यावर पाला आणि सर्वांवर मातीचा जाड थर, अशी ही रचना होती. मातीमुळे ऊन वरच्या वर थोपविले जाई. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खारी किंवा पांढरी माती टाकून ते चोपून घेण्याची रीत होती. त्या वेळी जाणता माणूस प्रथम काठ पाहत असे. माती काठावर झिजली आहे काय, पन्हाळीच्या तोंडाशी ती खचली आहे काय, याची तो खात्री करून घेई. धाबे मधोमध क्वचितच दगा देते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते.

या जुन्या पद्धतीत एक मोठा धोकाही दडलेला होता. दरवर्षी मातीवर माती चढत गेली आणि छताचे वजन वाढत गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे आठ हजार माणसे दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील अवजड माळवदे हे त्या प्राणहानीचे एक प्रमुख कारण ठरले. या घटनेचा धडा असा, की छत थंड असावे, पण ते जड करून नव्हे.

आज माळवदाची जागा सिमेंट काँक्रीटच्या स्लॅबने घेतली आहे. स्लॅब मजबूत आहे, परंतु उष्णतेला तो फारसा अटकाव करीत नाही. दिवसभर तो तापत राहतो आणि शोषलेली उष्णता काही तासांनी खाली सोडू लागतो. म्हणून आश्रमशाळेतील मुलांना रात्रीही छताखाली झोप लागत नाही. यावर उपाय म्हणजे स्लॅबच्या वरच्या अंगाला उष्णतारोधक थर देणे. ब्रिटनसारख्या थंड देशांत हाच थर घरातील ऊब बाहेर जाऊ नये म्हणून स्लॅबवर घालतात. त्यामुळे स्लॅब उबदार बाजूस राहतो आणि अशा छताला ‘उबदार छत’ म्हणतात. विदर्भ-मराठवाड्यात हेतू उलटा आहे, तत्त्व मात्र तेच आहे. थर्माकोलच्या जातीच्या, परंतु अधिक घट्ट व भार सोसणाऱ्या तक्त्यांचा येथे उपयोग होतो. असा ५० मिलिमीटर जाडीचा तक्ता उष्णता अडविण्याच्या बाबतीत सुमारे दोन मीटर जाड काँक्रीटची बरोबरी करतो, आणि त्याचे स्वतःचे वजन नगण्य असते. याउलट विटांच्या तुकड्यांचा १०० मिलिमीटर जाडीचा कोबा दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार टाकतो. ८ मीटर लांब व ६ मीटर रुंद वर्गावर हा भार साडेनऊ टनांहून अधिक होतो. गळती थांबत नाही म्हणून जुन्या कोब्यावर नवा कोबा चढविणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य करावा.

आता प्रश्न कडेचा. उष्णतारोधक तक्ते गच्चीच्या मधल्या भागात नीट बसविले जातात. कठड्याजवळ मात्र तक्ते कापावे लागतात, वाटा घ्यावा लागतो, पाइपाची तोंडे सांभाळावी लागतात. काम किचकट असल्याने कारागीर फूटभर पट्टा तसाच सोडून देतो. एवढ्याशा पट्ट्याने काय बिघडणार, असे कोणासही वाटेल. परंतु वर सांगितलेल्या ८ बाय ६ मीटरच्या सुट्या वर्गाभोवती ३० सेंटिमीटरचा पट्टा मोकळा राहिला, तर त्याचे क्षेत्रफळ ८ चौरस मीटर भरते. वर्गाचे छत ४८ चौरस मीटर आहे. म्हणजे छताचा सहावा हिस्सा उघडाच राहिला! शिवाय कठडा आणि बाहेर आलेला छज्जा दिवसभर उन्हात तापून आपली उष्णता याच पट्ट्यातून आत पोहोचवितात. दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवावी, तसाच हा प्रकार आहे.

कडेचे दुसरे दुखणे हालचालीचे. काँक्रीट तापले की प्रसरण पावते, निवले की आकुंचन पावते. १२ मीटर लांबीच्या स्लॅबच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला, तर त्याची लांबी साडेतीन मिलिमीटरांच्या आसपास बदलते. ही ओढाताण टोकांशी सर्वांत अधिक जाणवते. स्लॅब सरकू पाहतो, खालची भिंत आणि वरचा कठडा त्याच्याबरोबर तितके सरकत नाहीत. परिणामी स्लॅबखाली भिंतीच्या माथ्याशी आडवी भेग पडते आणि वर कठड्याच्या बुडाशी सांधा उघडतो. त्या सांध्यातून शिरलेले पाणी उष्णतारोधक थराखाली दूरवर पसरते आणि सापडेल त्या वाटेने खाली उतरते. म्हणूनच गळती जेथे दिसते, तेथेच तिचे मूळ असेल असे नाही. पाणी मुरणारा थर ओला झाला, की त्याची उष्णता अडविण्याची शक्तीही घटते. अशा रीतीने कडेचा एक दोष उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही बिघडवितो.

कड योग्य रीतीने कशी करावी, याची उत्तरे अवघड नाहीत. उष्णतारोधक तक्ते फट न ठेवता कठड्यापर्यंत न्यावेत आणि कठड्याच्या आतल्या अंगालाही त्याच तक्त्याची उभी पट्टी लावावी. आडव्या व उभ्या तक्त्यांच्या कोपऱ्यात काटकोन ठेवू नये. तेथे गोलाईदार वाटा घ्यावा, कारण काटकोनात वळविलेला जलरोधक थर ताणाखाली प्रथम तेथेच फाटतो. जलरोधक थर सलग वर चढवून तो गच्चीच्या तयार पातळीपासून किमान १५० मिलिमीटर उंच न्यावा आणि त्याचे टोक कठड्यात घेतलेल्या खाचेत बसवून खाच बुजवावी. कठड्याच्या माथ्याला आतील बाजूस उतार द्यावा, म्हणजे माथ्यावरचे पाणी भिंतीच्या दर्शनी गिलाव्यावरून ओघळणार नाही. पाण्याच्या पाइपाशी तक्ता पातळ करून खोलगट भाग करावा, पण तो अजिबात गाळू नये. तक्ते उघडे तर कधीच ठेवू नयेत. उन्हाने ते झिजतात आणि आगीलाही बळी पडतात. जुन्या इमारतीवर कोणताही नवा थर घालण्यापूर्वी छताला तो भार पेलेल काय, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे.

निधी अपुरा असेल, तर निदान गच्चीला पांढरा चुना किंवा ऊन परतविणारा पांढरा रंग द्यावा. मात्र तोही केवळ मधल्या भागाला देऊन भागत नाही; कठड्याची आतली बाजू आणि माथाही रंगवावा.

मग इतक्या साध्या गोष्टी होत का नाहीत? याचे उत्तर पुष्कळदा अंदाजपत्रकात सापडते. गच्चीचे काम चौरस मीटरने मोजले जाते. कडेचे काम त्यातच ‘समाविष्ट’ धरले जाते, आणि जे वेगळे मोजले जात नाही ते वेगळे केलेही जात नाही. म्हणून कडेचा उभा थर, वाटा आणि खाच यांची नोंद अंदाजपत्रकात रनिंग मीटरने स्वतंत्र व्हावी, असा आग्रह ग्रामपंचायतीने धरावा. जलरोधक थर पूर्ण झाल्यावर आणि तो झाकण्यापूर्वी गच्चीवर पाणी उभे करून दोन-तीन दिवस चाचणी घ्यावी. तत्पूर्वी छत तेवढा भार सोसेल, याची अभियंत्याकडून खात्री करून घ्यावी. पाणी वाट्यापर्यंत पोहोचले पाहिजे; अन्यथा कडेची परीक्षा होतच नाही. चाचणीच्या वेळी सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी स्वतः उपस्थित राहावे, आणि अखेरचे देयक त्यानंतरच मंजूर करावे.

शिक्षकांनाही या कामात वाटा उचलता येईल. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी एकदा गच्चीवर जाऊन पाइपाची तोंडे पालापाचोळ्याने तुंबली नाहीत ना, वाटा तडकला नाही ना, हे पाहावयास अर्धा तास पुरतो. भेग आढळली, तर तिचे ठिकाण व तारीख वहीत नोंदवावी. पुढील वर्षी ती भेग वाढली किंवा कसे, हे सांगणारा पुरावा त्या वहीतच मिळेल.

मधले क्षेत्र पूर्ण करून कड सोडणे, म्हणजे हत्ती गेला आणि शेपूट राहिले असेच होय. शेवटचा फूटभर पट्टा नीट झाला, तर एप्रिलमधील परीक्षेला बसलेल्या मुलाचे लक्ष घामाकडे नव्हे, प्रश्नपत्रिकेकडे राहील; आणि जुलैमध्ये पंचायतीचे दप्तर कोरडे राहील. धाब्याचा काठ निरखून पाहणाऱ्या जुन्या पिढीची ती दक्षता आता नव्या गच्चीच्या कडेला लाभली पाहिजे.