बाईचं काम कोण मोजतं?

(नामपूर येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



डॉक्टर आपल्याला माहीत असतो, नर्सबाई माहीत असतात. वैद्यकीय संख्याशास्त्रज्ञ मात्र आपल्याला कधी भेटत नाही. तो किंवा ती रोग्याला तपासत नाही. कुणाला काय विचारायचं, किती जणींना विचारायचं आणि आलेल्या उत्तरांतून काय म्हणता येतं, काय म्हणता येत नाही, हे ठरवण्याचं काम या माणसाचं. वरवर रुक्ष वाटतं. पण प्रश्न ज्याच्या हातात, त्याच्या हातात बरंच काही असतं.

आपल्याकडचं या विषयातलं मोठं नाव पां. वा. सुखात्मे. १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्म. फर्ग्युसन कॉलेज, मग लंडनला डॉक्टरेट, परतल्यावर कलकत्त्याच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत सुरुवातीची नोकरी. पुढे त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत बरीच वर्षं काढली. भूक कशी मोजायची, उष्मांकांवरून गरिबी ठरवायची का, यावर त्यांचा आणि वि. म. दांडेकरांचा वाद गाजला. दोघंही विद्वान. पण बाई उरलंसुरलं खाते आणि वर दिवसभर राबते, या गोष्टीला त्या वादात फारशी जागा मिळाली नाही, असं मला वाटतं.

ती जागा पुण्यातच काम करणाऱ्या एका बाईने करून दिली. डॉ. शोभा राव, आघारकर संशोधन संस्थेच्या. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली गरोदर बायांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. ७९७ जणींची माहिती त्यात आहे. उंची सरासरी १५२ सेंटिमीटर, वजन ४२ किलो. दिवस पूर्ण भरून झालेल्या बाळांचं वजन सरासरी २,६६५ ग्रॅम. २००१ साली राव आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की आईने किती उष्मांक, किती प्रथिनं खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसत नाही. दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं यांचा मात्र दिसतो. म्हणजे ताटात किती आहे एवढंच पाहून भागत नाही, काय आहे तेही पाहावं लागतं.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २००३ चा लेख. त्यात बायांचं काम मोजलं आहे. परदेशी प्रश्नावली त्यांनी आणली नाही. आधी गावातल्या बायांशी गटात बोलल्या, तिथली कामं काय ती समजून घेतली, मग प्रश्न तयार केले. उत्तरं खरी येतात का, हे पाहायला निरीक्षकाने ठेवलेल्या नोंदींशी ती ताडून पाहिली. कोणत्या कामाला किती शक्ती लागते, त्याप्रमाणे गुण दिले. निष्कर्ष असा, की गरोदरपणी ज्यांचं काम जास्त, त्यांचं स्वतःचं वजन कमी वाढलं आणि बाळाचं वजन, डोक्याचा घेर, दंडाचा घेरही कमी भरला.

यावर कुणी म्हणेल, जास्त राबणारी बाई मुळातच बारीक असते, बाळ लहान होणारच. संख्याशास्त्राचा उपयोग इथेच होतो. आईचं गरोदरपणाआधीचं वजन, किती आठवडे भरले, कितवं बाळंतपण, हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरला. कामामुळेच बाळ लहान झालं, असं एवढ्यावरून ठणकावून सांगता येत नाही, हेही खरं. पण 'आमच्या आया नवव्या महिन्यातही शेतात जायच्या, काही झालं नाही' असं सांगणाऱ्याला आता उत्तर देता येतं.

आपल्या बागलाणात यादी करायची तर काय काय येईल? कांद्याची लागण, निंदणी, काढणी, पात कापणं, चाळ भरणं. डाळिंबाच्या बागेतलं काम. धुणं, पाणी, गुरांचं शेण. यातलं एकही काम दवाखान्याच्या कार्डावर लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. रक्तदाब असतो, वजन असतं. 'विश्रांती घ्या' असा सल्लाही मिळतो. पण रोज बुडाला तर तो भरून कोण देणार? २०१७ साली कायद्याने नोकरदार बाईची बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे केली. त्याच वर्षी सुरू झालेल्या मातृवंदना योजनेत मजूर बाईला पहिल्या बाळासाठी मिळाले ५,००० रुपये, तेही हप्त्याहप्त्याने. २६ आठवड्यांच्या मजुरीशी त्याचा हिशेब तुम्हीच घालून पाहा.

इथे बी.एस्सी.ला गणित, संख्याशास्त्र घेतलेल्या मुली आहेत. 'एवढं शिकून शेवटी शाळेतच शिकवायचं ना', असं घरी ऐकता. एम.एस्सी. करता येतं, मुंबईत देवनारला लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, रुग्णालयांत आणि संशोधन संस्थांत अशी माणसं लागतात. डॉक्टर व्हावं लागत नाही. गणित मात्र पक्कं हवं, आणि कांदा काढायला बाईला किती वेळ वाकून राहावं लागतं, हे माहीत असलेलं बरं. ते तुम्हांला माहीत आहे.

जेवणानंतर अंगणवाडीच्या खोलीत बसू. आशाताई आणि सेविका थांबणार आहेत. गरोदर बाई आपल्याकडे कोणकोणती कामं करते आणि कितव्या महिन्यापर्यंत, याची यादी आज पुरी करू. ज्यांचे दिवस भरत आलेत, त्यांनी आधी सांगावं.