उष्टावणानंतरचे जेवण



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय येतात. आज आम्ही वाटीभर मऊ भाताचा विषय घेऊन उभे आहोत. हा बायकांचा विषय, तो माजघरातच बोलावा, असे कोणाला वाटत असेल तर त्याने कृपा करून उठून जाऊ नये. आमचे सांगणे मुख्यतः पुरुषमंडळींनाच आहे. उष्टावणाचा दिवस ते ठरवतात, बाजारातून काय आणावयाचे ते ठरवतात, आणि लावणीच्या दिवसांत घरची बाई किती वेळ चिखलात उभी राहणार, हेही पुष्कळदा तेच ठरवतात.

उष्टावण आपल्याकडे थाटात होते. मामा येतो, चांदीच्या चमच्याने किंवा अंगठीने खिरीचे बोट बाळाच्या ओठाला लावतो. मग बाळापुढे वही, लेखणी, दागिना असे काहीबाही मांडतात आणि ते कशावर हात ठेवते याकडे घर डोळे लावून बसते. लेखणी उचलली की आजोबा खूश. दुसऱ्या दिवशी त्याच बाळाच्या वाटीत काय पडले, इकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. आम्हांला बोलावयाचे आहे ते त्या दुसऱ्या दिवसाविषयी.

पण आधी तिथीचा निकाल लावू. मुलाचे उष्टावण सहाव्या किंवा आठव्या महिन्यात, म्हणजे समात. मुलीचे पाचव्या किंवा सातव्यात, म्हणजे विषमात, अशी रूढी आहे. शास्त्रकारही एकमताचे नव्हते. सुश्रुताने सहाव्या महिन्यात हलके व हितकर अन्न द्यावे असे सांगितले. काश्यपसंहितेने सहाव्यात फळ द्यावे आणि अन्न दहाव्यात, असे म्हटले. आजचे वैद्यक सांगते की सहा महिने पुरे होईपर्यंत आईच्या दुधावाचून दुसरे काही नको, पाणीसुद्धा नको. आणि सहा पुरे झाले की दूध चालू ठेवून अन्न सुरू करण्यास विलंब नको. गंमत अशी की या हिशेबाने मुलीचा सातवा महिनाच तेवढा नेमका बसतो. चालू सहावा म्हणजे पाचच पुरे झालेले असतात, आणि आठव्यापर्यंत थांबले तर एक महिना वाया जातो. तेव्हा विधी मामाच्या सवडीने होऊ द्या, घास बाळाच्या वयाने सुरू करा. मामाला मुंबईहून रजा मिळेना म्हणून भाच्याने उपाशी राहावे, असे कोणत्याही धर्मग्रंथात लिहिलेले नाही.

येथे घरातल्या आजींची बाजूही सांगितली पाहिजे. “आम्ही तर चौथ्या महिन्यापासून भरवत होतो, डॉक्टरांनीच सांगितले होते,” असे त्या म्हणतात, आणि ते खरे असते. जागतिक आरोग्य संघटनेचाच सल्ला २००१ पर्यंत चार ते सहा महिने असा होता. त्या वर्षी तो पूर्ण सहा महिने असा झाला. सल्ला बदलला म्हणजे आजी अडाणी ठरत नाही.

आता सहा महिन्यांचीच मर्यादा का? बाळ जन्मताना आईकडून लोहाचा साठा घेऊन येते. पूर्ण दिवसांच्या बाळाला तो सुमारे सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह अगदी थोडे असते. साठा सरतो त्याच सुमारास बाळाची उष्णतेची गरजही दुधाच्या पुढे जाते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज रोज सुमारे २०० उष्मांक अन्नातून मिळावे लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि दुसऱ्या वर्षी ५५०.

आणि इथेच आपली पेज आडवी येते. मुळशीत पेजेविरुद्ध बोलणे धाडसाचे आहे, हे आम्ही जाणून आहोत. हा भाताचा तालुका. आंबेमोहोराचा वास घरभर सुटल्यावर बाळाला आणखी काही लागत असेल, हे खरेच वाटत नाही. ज्या भातखाचरांवर धरणाचे पाणी चढणार होते, त्यांच्यासाठी १९२१ च्या रामनवमीला येथल्या मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला आणि पुढे सेनापती बापटांनी तुरुंगवास पत्करला, तेथे तांदळाला नावे कोण ठेवील? आम्ही तांदळाला नावे ठेवीत नाही. आमची तक्रार पाण्याबद्दल आहे.

साधा हिशेब पाहा. बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० ग्रॅम मावते. सात किलोचे बाळ म्हणजे २१० ग्रॅम. त्यातली काही जागा दुधाची. दीडशे ग्रॅमच्या वाटीत पातळ पेज घेतली, तर तीत तांदूळ जेमतेम ८ ग्रॅम असतो, म्हणजे सुमारे २८ उष्मांक. दोनशेची भरती करावयाची तर बाळाने अशा सात वाट्या प्यायला हव्यात! ते दोन वाट्यांत गच्च होते, तोंड फिरवते, दूधही कमी पिते, आणि आपण म्हणतो, “पोट भरले हो त्याचे.” पोट भरले खरे. आता त्याच वाटीत २० ग्रॅम तांदूळ व १० ग्रॅम मूगडाळ मऊ शिजवून, घोटून, वर चमचाभर तूप किंवा तेल घातले तर दीडशे उष्मांकांच्या आसपास जातात. वाटी तीच, बाळ तेच. चमचा तिरका केला असता जे घसरून पडते पण ओघळून जात नाही, ते बाळाचे अन्न. पहिले काही दिवस दोन-तीन चमचेच जातील, ते बरोबरच आहे. दिवसातून दोनतीनदा द्यावे आणि नवव्या महिन्यापर्यंत तीनचारदा अर्धी वाटी यावी.

घट्ट केले की बाळाला गिळवत नाही, ही अडचण मात्र खरी आहे. तिचे उत्तर आपल्याच डोंगरउतारावर पिकते. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, हलकी भाजून दळली की त्या पिठात पिष्टाचे विघटन करणारे पाचकद्रव्य तयार झालेले असते. शिजलेल्या घट्ट पेजेत असे चिमूट-दोन चिमूट पीठ कोमट असताना कालवले आणि मग पुन्हा एक उकळी दिली, तर पेज पाहता पाहता सैल होते. अन्न तेवढेच राहते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात या युक्तीचा पद्धतशीर अभ्यास केला. नाचणीत चुनाही भरपूर, शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. तांदळात तो दहाच्या मागेपुढे. एक सावधगिरी : वाटलेल्या नाचणीचे दूध गाळून, निवळून, तळाचा पांढरा साका तेवढा वाळवायचा, अशीही सत्त्वाची एक रीत आहे. दिसायला ते सुरेख असते, पण चोथ्याबरोबर गुणही फेकले जातात. मोड आलेल्या नाचणीचे सबंध पीठच घ्यावे.

लोहाचे काय? ते तांदळात नाही, दुधात नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी शेकडा सुमारे ६९ मुलांत रक्तक्षय आढळला. त्याच पाहणीत देशभरातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी शेकडा अकरा भरली. तेव्हा ज्या घरात मांसमासा चालतो तेथे तो बाळाला वर्षभर वर्ज्य ठेवण्याचे कारण नाही. पूर्ण उकडलेले अंडे कुस्करून, काटे नीट काढलेला मासा, बारीक केलेली कलेजी, हे सहा महिन्यांनंतर चालते. पावसाच्या तोंडावर चढणीचे मासे घरोघर येतात. सगळे ताव मारतात आणि बाळाला मात्र भाताचे पाणी! मिरची घालण्याआधी त्याचा वाटा बाजूला काढावा. शाकाहारी घरांनी डाळी, मोडाची कडधान्ये, शिजवून घोटलेली पालेभाजी आणि वर लिंबाचे चार थेंब, हे सोडू नये. लिंबाने भाजीतले लोह अंगी लागते. शेंगदाणा कुटून किंवा वाटून द्यावा, अख्खा कधीच नाही. अख्खा दाणा, चणा घशात अडकून जीव जातो. मध वर्षाच्या आत बोटभरही नको, त्यातल्या जंतूंच्या बीजांपासून तान्ह्याला प्राणघातक विषबाधा होऊ शकते. मीठ-साखरही वर्षभर नसली तर बाळाचे काही अडत नाही. चव आपल्या जिभेची असते.

याच तालुक्यात हिंजवडी आहे. तेथील उंच इमारतींत पेजेची जागा डब्यातल्या पिठाने घेतली आहे. बाळांच्या अशा पदार्थांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने आणि त्याच्या २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षे वयापर्यंत बंदी आहे, तरी डबे खपतातच. त्यात विष नसते. पण वरणभात, अंडे, केळे यांपेक्षा त्यात अधिक काय आहे, हे किंमत देणाऱ्याने स्वतःला विचारावे. तेथला दुसरा रोग म्हणजे वर्ष होईपर्यंत सारे मिक्सरमधून काढणे. आठव्या-नवव्या महिन्यात बाळाला गुठळी, मऊ फोड, चपातीचा ओला तुकडा मिळाला नाही तर पुढे चावण्याचा कंटाळा लागतो. आणि मोबाइल! चिऊचा घास, काऊचा घास करताना आजी बाळाच्या तोंडाकडे पाहत असे. ते केव्हा पुरे म्हणते हे तिला कळे. पडद्याकडे पाहणाऱ्या बाळाला स्वतःची भूकही कळत नाही.

आता ज्यासाठी एवढे बोललो त्या गोष्टीकडे येतो. पौषात जन्मलेले बाळ आषाढात सहा महिन्यांचे होते. आषाढ म्हणजे लावणी. ताम्हिणीच्या अंगाला पाऊस कोसळत असतो, आई दिवसभर खाचरात, ओढे गढूळ, सरपण ओले. ज्या आठवड्यात बाळाला दिवसातून तीनदा ताजे अन्न हवे, त्याच आठवड्यात ते शिजवायला आणि भरवायला घरी कोणी नसते. सकाळची पेज दुपारपर्यंत भांड्यात राहते, नाहीतर पातळ करून बाटलीत भरून बांधावर जाते. शिजलेले अन्न दोन तासांवर ठेवू नये, आणि बाटलीचे बूच शेतावर कोणालाच स्वच्छ धुता येत नाही. पावसाळ्यातली हगवण येते ती अशी. मग दुखणाईत बाळाचे खाणे बंद करतात, वजन उतरते, ते भरून येईपर्यंत भाद्रपद उजाडतो. हगवणीत दूध आणि अन्न दोन्ही चालू ठेवावे, जलसंजीवनी द्यावी. आजारानंतर पंधरा दिवस एक वेळचे जेवण वाढवावे.

बांधावर काय न्यावे? केळे, कारण ते सोलले त्या क्षणी निर्मळ असते. उकडलेले अंडे कवचासकट, आणि ते त्याच दिवशीचे. उकडलेला बटाटा सालासकट. वाटी-चमचा, उकळून गार केलेले पाणी, आणि हात धुवायला साबणाची वडी.

बीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांची गोष्ट निराळी. दिवाळीनंतर ती गावाबाहेर पडतात आणि बाळाच्या नावचा घरपोच आहार वाडीतच राहतो. जेथे भट्टी असेल तेथील अंगणवाडीत बाळाचे नाव घालावे. भट्टीमालक येथे बसले असतील तर त्यांनी पहिल्या आठवड्यात अंगणवाडीताईंना एक निरोप पाठवावा. एवढे काही अवघड नाही.

आणि लावणीसाठी आमची सूचना एकच आहे. आपण सावडीने लावणी करतो. आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. त्या सावडीतली एक जाणती बाई चिखलात न उतरता कोरड्या ओसरीवर बसावी, वाडीतली सहा महिन्यांपुढची सारी बाळे तिच्यापाशी असावीत, चूल तिच्याजवळ पेटलेली असावी, आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना दर दोन-अडीच तासांनी तेथे येऊन जाता यावे. त्या बाईचा दिवस लावणीचाच दिवस म्हणून सावडीच्या हिशेबात पुरा धरावा. अर्धा नव्हे, पुरा. लावणीला अजून सहासात आठवडे आहेत. कोणाच्या वाडीत आषाढापर्यंत किती बाळे सहा महिन्यांची होतात, ते येथून घरी गेल्यावर मोजून पाहावे, आणि ओसरी कोणाची व बाई कोण, हे ज्येष्ठ संपण्यापूर्वी ठरवून टाकावे.