स्वातंत्र्यदिन आणि संयमाची परंपरा



१५ ऑगस्ट हा दिवस दरवर्षी चातुर्मासातच येतो. त्यामुळे जैन घरांत या राष्ट्रीय सणाला स्वतःचे असे एक रूप लाभले आहे. मुले सकाळी शाळेत ध्वजवंदनास जातात, तर वडीलधारी मंडळी उपाश्रयात वा स्थानकात व्याख्यानास. गावात जिलेबीचा दरवळ असतो. परंतु रात्रभर आंबवलेल्या पिठाची म्हणून व्रतधारी ती घेत नाहीत. कोणाचे एकासणे, कोणाचा उपवास. मग नातवंडांचा प्रश्न ठरलेला असतो, "आजोबा, आज देशाचा सण आणि तुमचा उपवास कसा?"

या बालसुलभ प्रश्नाचे उत्तर इतिहासातच आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीत जल्लोष चालला असता महात्मा गांधी कोलकात्यात बेलियाघाटा येथील हैदरी मंझिलमध्ये होते. त्यांनी तो दिवस उपवास, प्रार्थना आणि सूतकताईत घालविला. आदल्या वर्षीच्या दंगलींनी होरपळलेल्या त्या शहरात हिंदू-मुसलमान त्या दिवशी एकत्र आले. महिनाअखेरीस दंगल पुन्हा उसळली, तेव्हा १ सप्टेंबरला गांधीजींनी उपोषण आरंभिले आणि शांतता प्रस्थापित झाल्यावर ४ सप्टेंबरला ते सोडले.

याच गांधीजींची १८९१ साली मुंबईत श्रीमद् राजचंद्रांशी भेट झाली होती. त्यांचा आपल्यावर पडलेला खोल प्रभाव त्यांनी आत्मकथेत कृतज्ञतेने नोंदविला आहे. जैन श्रावकाचा उपवास कर्मनिर्जरेसाठी असतो, गांधीजींचा शहराच्या अंतःकरणासाठी होता. हेतू भिन्न, तथापि दोहोंचा पाया आत्मसंयमच.

जैन परंपरेत मोठे पर्व भोगाने नव्हे, त्यागाने साजरे होते. दिवाळी हे भगवान महावीरांचे निर्वाण कल्याणक. पर्युषणाची सांगता क्षमापनेने होते. परकीय सत्ता गेली तरी क्रोध, मान, माया, लोभ यांची सत्ता उरली, तर स्वातंत्र्य अपुरेच राहते, ही त्यामागील दृष्टी होय.

आज मात्र १५ ऑगस्ट हा अनेक घरांत जोडून आलेल्या सुट्टीचा एक दिवस झाला आहे. ज्येष्ठांना याची खंत वाटते. परंतु सारा दोष तरुणांचा नाही. उपवास केला गेला, त्याचा अर्थ मात्र सांगितला गेला नाही. नातवाच्या प्रश्नावर "तुला नाही कळायचे" एवढेच उत्तर मिळाले, तर परंपरा तेथेच खुंटते.

म्हणून आजोबांनी नातवाचे बोट धरून ध्वजवंदनास जावे. वाटेत पडलेले कागदी ध्वज दोघांनी मिळून उचलावेत. घरी परतल्यावर नातवाला हैदरी मंझिलची हकीकत सांगावी. आणि ज्या नातलगाशी वर्षानुवर्षे अबोला आहे, त्याला संवत्सरीची वाट न पाहता त्याच दिवशी 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणावे. नातवाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा शब्दांवाचून मिळेल.

जय जिनेंद्र! जय हिंद!