गरिबाचें वकीलपत्र

शहाण्या माणसानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण महाराष्ट्रांत घरोघर ऐकूं येते. तिचा उपदेश व्यवहाराचा आहे, यांत शंका नाहीं. दाव्यापायीं धुऊन निघालेलें एखादें कुटुंब प्रत्येक गांवांत दाखवितां येईल. परंतु ज्यानें ही म्हण प्रथम उच्चारली, त्याला पायरी चढावी कीं न चढावी हें ठरविण्याची मोकळीक होती, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. ज्याच्यावर दुसऱ्यानेंच दावा लावला, ज्याची जमीन जप्तींत निघाली, किंवा ज्याला पोलिसांनीं कोठडींत बसविलें, त्याला ती मोकळीक नसते. तो पायरी चढला नाहीं, तरी निकाल त्याच्या घरीं चालत येतो. अशा माणसाच्या बाजूनें कोणीं उभें राहावें, हा या भाषणाचा विषय आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास अहमदनगर जिल्ह्याइतका योग्य प्रदेश क्वचितच सांपडेल. २०२४ सालीं या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. पण येथें सांगावयाची पहिली हकीकत त्याच्या जुन्या नांवाच्या काळांतील आहे. १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें या बाजारच्या गांवीं शेतकऱ्यांचा दंगा झाला, आणि थोड्याच दिवसांत त्याचें लोण पारनेर, श्रीगोंदें या भागांत येऊन पोंचलें. इतिहासांत हे दख्खनचे दंगे म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांत माणसांच्या जिवावर उठण्याचे प्रकार थोडे झाले. जमावाचा रोख होता तो सावकाराच्या पेटींतील कागदांवर. कर्जरोखे व हुकूमनामे हातीं आले, कीं त्यांची होळी करावी आणि घरीं परतावें, असा बहुतेक ठिकाणचा क्रम होता.

कागदांवर एवढा राग कां? अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत चढलेला कापसाचा भाव युद्ध संपतांच कोसळला होता, सारा वाढला होता, आणि कर्ज फिटण्याचें चिन्ह नव्हतें, हीं कारणें सर्वश्रुत आहेत. परंतु आणखी एक कारण न्यायमंदिराच्या आंतलें होतें. सावकार दावा लावी; त्याच्या हातीं लेखी पुरावा असे आणि जरूर तर वकीलहि असे. कुणब्याला समन्स वाचतां येत नसे. तारखेस तालुक्याचें ठिकाण गांठावें, तर दिवसाची मजुरी बुडे. आणि जाऊन बोलावें काय, हेंहि त्यास उमजत नसे. तो घरीं राही व निकाल एकतर्फी होई. दंग्यांच्या चौकशीकरितां जें कमिशन नेमलें गेलें, त्यालाहि या एकतर्फी हुकूमनाम्यांचा विचार करावा लागला. या कुणब्यानें वरील म्हणीचा उपदेश अक्षरशः पाळला होता, आणि त्यांतच तो बुडाला!

पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू करण्यांत आला. कर्जाचा मूळ इतिहास न्यायाधीशानें खणून काढावा, केवळ पैशाच्या हुकूमनाम्यासाठीं शेतकऱ्यास तुरुंगांत टाकूं नये, दाव्यापूर्वीं समेट घडविणाऱ्या पंचांपुढें प्रकरण जावें, अशीं त्यांत अनेक कलमें होतीं. पण एक कलम विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. शेतकऱ्याविरुद्ध वकील उभा असेल, आणि शेतकऱ्याला स्वतःचा वकील देण्याची ऐपत नसेल, तर न्यायाधीशानें सरकारी वकिलास किंवा तयार असलेल्या अन्य योग्य इसमास त्याच्या बाजूनें उभें राहण्यास सांगावें, अशी तरतूद त्यांत होती. गरिबाला वकील मिळाला पाहिजे, हा विचार नगर जिल्ह्याच्या कायद्यांत असा सुमारें दीडशें वर्षांपूर्वीं शिरला. त्यांतील ‘तयार असलेल्या’ हा शब्द मात्र महत्त्वाचा आहे. कायद्यानें दार उघडलें. त्यांतून आंत येणें हें वकिलाच्या मनावर सोडलें.

असें मन असलेले वकील महाराष्ट्राला अपरिचित नव्हते. त्याच १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडके यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हां सरकारच्या रोषाची पर्वा न करतां पुण्याच्या गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनीं त्यांचें वकीलपत्र घेतलें. परंतु एकट्यादुकट्याच्या औदार्यावर समाजाचा न्याय चालत नाहीं. त्याला संस्था लागते. न्यूयॉर्क शहरांत १८७६ सालीं परक्या देशांतून आलेल्या जर्मन लोकांना साहाय्य करण्यासाठीं अशी संस्था निघाली होती. आपल्याकडे मुंबईंत १९२४ सालीं कायदेविषयक साहाय्य देणारी संस्था स्थापन झाली. १९४९ सालीं मुंबई सरकारनें न्यायमूर्ति एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखालीं या प्रश्नाचा विचार करण्यास समिति नेमली. त्या वेळीं मुंबई विधानसभेच्या अध्यक्षपदीं नगरचेच एक वकील, कुंदनमल फिरोदिया, विराजमान होते. आणि योगायोग असा, कीं त्याच न्यायमूर्तींचे चिरंजीव पी. एन. भगवती हे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति असतां, १९७९ सालीं हुसैनारा खातून खटल्यांत, गरीब आरोपीला सरकारी खर्चानें वकील मिळणें हा त्याचा मूलभूत हक्क आहे, असें ठरलें. पित्यानें मांडलेला विषय पुत्रानें हक्काच्या पदवीस नेला.

१९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें मोफत कायदेविषयक साहाय्याचें तत्त्व राज्यघटनेंत आलें. विधि सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ सालीं झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालीं जिल्हा प्राधिकरण, आणि तालुक्याच्या ठिकाणीं तालुका समिति, अशी रचना आहे. स्त्रिया, मुलें, अनुसूचित जातिजमातींचे लोक, अपंग, कामगार, आपत्तिग्रस्त, कोठडींतील मनुष्य, यांना उत्पन्नाची अट नाहीं. इतरांना ठराविक मर्यादेखालीं उत्पन्न असल्यास साहाय्य मिळतें. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनि केल्यास चौकशी करतां येते. कागदावर पाहतां आतां उणें असें थोडेंच उरलें आहे.

पण कागद आणि माणूस यांच्यामधलें अंतर नगर जिल्ह्यांत आजहि डोळ्यांस दिसतें. पाथर्डी, शेवगांव या कोरडवाहू भागांतून ऊसतोडीस जाणारें जोडपें मुकादमाकडून उचल घेतें. हंगाम संपल्यावर उचल फिटली कीं नाहीं, याचा हिशेब मुकादमाच्या वहींत असतो. जोडप्याजवळ कांहींच नसतें. माहेरच्या जमिनींत हिस्सा असलेल्या बहिणीपुढें भाऊबीजेच्या सुमारास हक्कसोडीचा कागद येतो आणि नातें तुटूं नये म्हणून ती सही करते. वही बदलली, कागद बदलला. पण न वाचतां उठणारा अंगठा १८७५ सालींहि होता आणि आजहि आहे. ही माणसें कोर्टांत येतील तेव्हां त्यांना वकील मिळेलहि. परंतु त्यांचें नुकसान कोर्टांत येण्यापूर्वींच होऊन चुकलेलें असतें.

म्हणूनच सरकारी व्यवस्थेच्या जोडीला गांवोगांवच्या साहाय्यक मंडळांची, आणि त्यांत स्वेच्छेनें येणाऱ्या वकिलांची, जरूरी आहे. हें काम केवळ उपकाराचें नाहीं. खऱ्या गरजूला पैसे देतां न आले तरी त्यास साहाय्य करणें हें वकिलाचें श्रेष्ठ कर्तव्य होय, असें वकिलांच्या अखिल भारतीय परिषदेच्या नियमांतच सांगितलें आहे. मात्र तोच नियम वकिलाच्या स्वतःच्या सांपत्तिक स्थितीचीहि मर्यादा घालतो, आणि तें न्याय्य आहे. ज्या तरुण वकिलाच्या घरांत अजून चूल नीट पेटत नाहीं, त्याच्यावर सगळा भार टाकून ज्येष्ठांनीं मंडळाच्या पत्रिकेवर नांवें तेवढीं छापून घ्यावीं, ही सेवा नव्हे. महिन्यांतून एका बाजारच्या दिवशीं दोन तास बसून कागद वाचून दाखविणारा ज्येष्ठ वकील अशा दहा नांवांहून अधिक मोलाचा होय.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. तालुक्याच्या गांवीं वकील थोडे. जो मंडळावर बसतो, तोच पुष्कळदां पतसंस्थेचा, कारखान्याचा किंवा बड्या बागाइतदाराचा ठरलेला वकील असतो. उद्यां त्याच पतसंस्थेविरुद्ध एखादा कर्जदार मंडळाच्या दारीं आला, तर काय करावें? उत्तर सरळ आहे: वकिलानें आपला संबंध तत्काळ सांगावा, बैठकींतून उठावें, त्या कागदांस हात लावूं नये, आणि मंडळानें तशी नोंद ठेवावी. गरीब मनुष्य आपलें गुपित एकदांच विश्वासानें सांगतो. तें प्रतिपक्षाच्या कानीं गेलें, तर त्या मंडळाच्या दारीं गांवांतला दुसरा मनुष्य पाऊल ठेवणार नाहीं.

तिसरी गोष्ट समेटाची. लोकन्यायालयांत तडजोड झाली, तर कोर्ट फी परत मिळते आणि वर्षांचीं वर्षें वांचतात, हा लाभ मोठा आहे. परंतु तेथील निवाड्यावर अपील नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. १८७९ च्या कायद्यांतील समेटाचे पंच आणि आजचें लोकन्यायालय या दोहोंच्या मुळाशीं एकच प्रश्न आहे: समेट करणारे दोघे सारख्या बळाचे आहेत काय? एकाला सर्व ठाऊक, दुसऱ्याला कांहींच ठाऊक नाहीं, अशा स्थितींत झालेल्या समेटाला शरणागति म्हणावें लागेल. सही करण्यापूर्वीं अर्धा तास त्या दुबळ्याजवळ बसून, काय मिळतें व काय सुटतें हें त्याच्या भाषेंत सांगणारा वकील असला, म्हणजे तोच समेट खरा ठरतो.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनाहि येथें काम आहे. धुणींभांडीं करणारी बाई, बांधकामावरचा मजूर, शेतावरचा गडी, यांच्या हातीं एखादी नोटीस आलेली घरांतील कोणीतरी पाहतें आणि ‘बघ बाबा, सांभाळून राहा’ एवढें बोलून मोकळें होतें. त्याऐवजीं ती नोटीस वाचावी, तारीख मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी आणि तालुका समितीचें दार कोठें आहे तें दाखवावें. एकतर्फी निकालावर याहून स्वस्त औषध नाहीं.

शहाण्या माणसानें कोर्टाची पायरी चढूं नये हें खरें. परंतु ज्याला ती चढावीच लागते, त्याच्या शेजारीं उभें राहण्यास एखादा शहाणा तरी त्या पायरीवर आधींच असला पाहिजे.